शिवांजलीच्या जबड्याची चौकशी

आमच्या थोरल्या जाऊबाईंवर, म्हणजे बनुबाईंवर, मी आजवर जेवढी चिडले तेवढी नवऱ्यावरसुद्धा चिडले नाही. नवरा फौजेत, सुट्टी मिळाली तरच घरी, त्याच्यावर चिडायला तो सापडतो कुठं? जाऊ मात्र एका भिंतीपलीकडं. मी त्यांना आक्का म्हणते. वडूजच्या पुढं आमच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीच्या आवाजात बोलून बोलून पद्माचा आवाज मोठा झालाय असं लोक म्हणतात. साफ खोटं. तो आक्कांमुळं झालाय.

बाई कशी आहे ते आधी सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल. माहेर दुष्काळी माणमधलं, दहिवडीच्या बाजूचं. पाणी सांडलं म्हणून लहानपणी मार खाल्लेली, त्यामुळं आजही ताक पिऊन झालं की पेल्यात घोटभर पाणी घालणार, हलवणार आणि तेही पिणार. कामाला कधी नाही म्हणायची नाही. थोरले भावजी, कृष्णात, खंडाळ्याकडं कंपनीत कामाला, रविवारी तेवढे घरी. घर, रान, म्हशी सगळं हिनं एकटीनं ओढलं. कुणाची निंदा नाही, कुणापुढं रडगाणं नाही. पण एक खोड अशी की देवानं सहन करावी. घरातलं दुखणं बाहेर सांगायचं नाही. पायात काटा मोडून पाय सुजून टम्म झाला तरी विचारणाऱ्याला सांगणार, "काय न्हाई, मुंग्या आल्यात." आणि पोरीचं दुखणं तर मुळीच बाहेर काढायचं नाही.

पोरगी म्हणजे शिवांजली. चालायला लागली होती तेव्हा उभ्या ट्रॉलीवरनं हनुवटीवर पडली. टाके पडले, जखम भरली, आम्ही विसरलो. मग हळूहळू तिचं तोंड उघडायचंच कमी होत गेलं. कानापुढचा जबड्याचा सांधा आतल्या आत हाडाला हाड चिकटून बसला. आज तिच्या दातांच्या मधनं करंगळीसुद्धा जात नाही. पोरगी वाढली, हनुवटी तेवढीच राहिली. भाकरी दुधात कुस्करायची, लगदा करायचा आणि एक दाढ पडलीय त्या फटीतनं बोटानं आत ढकलायचा, हे तिचं जेवण. आमची जेवणं होतात, भांडी होतात, ओटा पुसून होतो, तिची अर्धी भाकरी शिल्लकच असते. बोलते ती दात मिटूनच. आम्हाला सवयीनं सगळं कळतं. शिवणकामात मात्र असा हात की वडूजच्या बायका ब्लाऊज टाकायला इथवर येतात.

हे गावाला माहीत नव्हतं का? थोडं माहीत होतं, आणि बाकीचं आक्कांनी कळू दिलं नाही. लग्नाला गेलं आणि पंगत बसली की आक्का म्हणणार, "तिला उपास हाय." सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या वारांना चतुर्थी नाहीतर एकादशी शोधून काढणार. गावाला वाटायचं, कृष्णातची पोरगी लय देवभोळी. एका म्हातारीनं तर तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ओढणी कायम हनुवटीवरून घेतलेली. लग्नासाठी म्हणून फोटो काढला, तर स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर छान हनुवटी लावून दिली. फोटोतली पोरगी देखणी होती, पण ती आमची नव्हती.

गेल्या साली तिची अक्कलदाढ सुजली. वडूजच्या दातांच्या डॉक्टरांनी बघायला आरसा घेतला, तो आत जाईना. त्यांनी मिरजेला पाठवलं. मी आणि ती गेलो. मिरजेच्या डॉक्टरांनी दवाखान्यात एक रात्र ठेवून घेतलं, झोपेतला श्वास मशीनवर तपासला आणि मला समोर बसवून म्हणाले, "काकी, दाढेचं नंतर बघू. हिची जीभ झोपेत मागं पडते आणि श्वास थांबतो. हृदयावर ताण यायला लागलाय. सांधा सोडवायचा आणि हनुवटीचं हाड पुढं घ्यायचं, म्हणजे जिभेला जागा मिळेल. दिसण्यासाठी नव्हे, जगण्यासाठी सांगतोय. उशीर करू नका."

खर्च ऐकून मी पदरानं वारा घेतला. पण भावजींच्या कंपनीचा विमा होता. बायको आणि मुलं त्यात धरलेली. मुलीची अट अशी की तिचं लग्न झालेलं नको आणि वय पंचवीसच्या आत पाहिजे. शिवांजलीला श्रावणात पंचवीस पुरी होणार होती आणि तेव्हा शिमगा नुकताच झाला होता. म्हणजे श्रावणाच्या आत ऑपरेशन झालं तर झालं, नाहीतर पोरीनं रोज निजताना देवावर हवाला ठेवायचा. माझ्या डोक्यात दुसरा विषयच उरला नाही.

दवाखान्यानं कागद पाठवले. विमा कंपनीकडनं चकार शब्द नाही. मग मी फोन लावला. आधी बाजा वाजतो. मग एक बाई सांगते, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग परत बाजा. शेवटी एक पोरगा आला आणि म्हणाला, "पेशंट सज्ञान आहेत, त्यांनाच बोलावं लागेल." मी फोन शिवांजलीला दिला. तिनं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. तो म्हणतो, "मॅडम, आवाज स्पष्ट येत नाही. जरा तोंड उघडून बोला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन हिसकावून घेतला आणि म्हणलं, "आरं शाण्या, त्ये उघडत न्हाई म्हणूनच फोन केलाय न्हवं! उघडत असतं तर तुझ्याशी कशाला बोलली असती?" तो म्हणाला, मॅडम, कृपया सभ्य भाषेत बोला. म्हणजे मी असभ्य! शिवांजली मात्र भिंतीला टेकून खांदे उडवत हसत होती. हसताना ती हात तोंडावर धरते, तसा धरला होता.

असे बरेच फोन झाल्यावर कळलं की घरी चौकशीला माणूस येणार. भावजींनी खंडाळ्याहून बजावलं, मी इथून बजावलं. "आक्का, जे हाय त्ये सांगायचं. कमी न्हाई, जास्ती न्हाई." आक्कांनी शहाण्यासारखी मान हलवली.

आणि नेमका तो माणूस आला बाजाराच्या दिवशी. गिरणीपुढं डब्यांची रांग, मी पिठानं पांढरी झालेली, मला पत्ताच नाही. त्यानं गाडी पारावर थांबवली आणि घर विचारलं कुणाला? लालासाहेबाला! अख्ख्या तालुक्यातली लग्नाची पोरंपोरी ज्याला तोंडपाठ, स्थळं जुळवणं आणि मोडणं हाच ज्याचा उद्योग, तो लालासाहेब. घर दाखवून गुमान जावं की नाही? तो आत आला, खुर्ची ओढून बसला आणि चहाची वाट बघू लागला.

संध्याकाळी शिवांजली गिरणीत आली. पट्टा थांबवून मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काकी, आईनं पोहे केले." मला तिथंच शंका आली.

पोहे केले, चहा केला, पोरीला साडी नेसवून चहा आणायला लावला. विमावाल्यानं वही काढली आणि विचारलं, "मावशी, मुलीचं खाणंपिणं कसं आहे?" आक्का म्हणाल्या, "सगळं खाती की. मटनाची नळी सुदिक फोडती."

"झोप कशी लागते?"

"पडली की झोपली. श्वासाचा आवाज बी येत न्हाई."

"मग ऑपरेशन कशासाठी?"

आक्कांनी लालासाहेबाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "काय न्हाई वं, हनुवटी जराशी बारीक हाय, तेवढी नीट केली की झालं." वर स्टुडिओतला तो फोटोही त्याच्या हातात ठेवला.

"मग तू का गं गप बसलीस?" मी शिवांजलीवर ओरडले.

"आई म्हणली, लालाआबांसमोर दात मिटून बोलू नगं, आत जा."

मी कपाळावर हात मारून घेतला, तर कपाळाला पीठ.

पुढच्या आठवड्यात भावजींच्या फोनवर उत्तर आलं. रविवारी ते घरी आले तेव्हा मीच मोठ्यानं वाचलं. रुग्णास आहार, झोप अथवा श्वसनाचा त्रास नाही. रुग्ण मांसाहारातील हाडे फोडू शकते. शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धनासाठी असल्याने नामंजूर. रुग्ण हाडे फोडू शकते! जिला जन्मात पेरूचा चावा घेता आला नाही, तिच्याबद्दल सरकारी भाषेत हे लिहून आलं. भावजी उंबऱ्यावर बसले ते उठलेच नाहीत.

मी आक्कांना धरलं. "विमावाला हाय ह्ये तुमास्नी ठावं हुतं न्हवं?"

"ठावं हुतं."

"मग? जीभ झडली हुती का खरं सांगायला?"

आक्का पदराचं टोक पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्येनं पोरीकडं बघितलं. खाती काय, झोपती कशी, काम करती का, असं इचारलं. आजवर असं इचाराय जी माणसं घरात आली ती समदी एकाच कामाला आली गं. तोंडातनं आपसूक निघालं. आन् लालाआबा बसल्यालं."

आता यावर माणसानं काय बोलावं? हसावं की डोकं आपटून घ्यावं? मी रागाच्या भरात बोलले, "पोरीचं लगीन जमावं म्हणून पोरगीच घालवनार हाय का तुमी?" आक्कांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि म्हशीची पेंड भिजवायला निघून गेल्या. राग आला की मला भांडायला समोर माणूस लागतं, आणि ही बाई नेमकी तेव्हाच उठून जाते.

मी शिवांजलीला घेऊन सांगलीला त्यांच्या कचेरीत गेले. विट्यावरनं एसटीनं, उभं राहून. तिथं एक सई नावाची पोरगी बसली होती, चांगली होती बिचारी, तिनं पाणी दिलं, खुर्ची दिली. पण तिचे साहेब! मिरजेच्या डॉक्टरांचा कागद पुढं केला तर म्हणे, "हे डॉक्टरांचं मत झालं. पण मुलीची आई स्वतः सांगते की त्रास नाही. आम्ही आमच्या मनानं लिहिलंय का?"

"आवं साहेब, मशीनवर श्वास तपासलाय. मशीनला काय पोरीचं लगीन करायचंय?"

सई खाली मान घालून हसली. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले पुणे ऑफिस ठरवतं, पुण्याला फोन लावला तर ते म्हणाले सांगलीनं कळवावं. जेवणाची सुट्टी झाली, ती संपली, आम्ही तिथंच. शेवटी माझ्या आवाजाला कंटाळून असेल, साहेबांनी लिहून दिलं की एकदा फेरचौकशी होईल. "पण परत आईनं तेच सांगितलं तर फाईल बंद. मग माझ्याकडं येऊ नका." येताना गाडीत शिवांजलीला खिडकीची जागा मिळाली. खिडकीला डोकं टेकून झोपली आणि घशात घरघर सुरू झाली तशी पुढच्या सीटवरचा माणूस वळून वळून बघायला लागला. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो सरळ झाला.

फेरचौकशीच्या दिवशी मी गिरणी बंद ठेवली. आषाढ लागायला आला होता, आता चूक परवडणार नव्हती. आक्कांकडनं मी सगळं पाठ करून घेतलं होतं आणि त्या सगळ्याला "व्हय" म्हणत होत्या, त्याचीच मला धास्ती होती. तोच माणूस आला, कपाळाला आठ्या घालून. आणि त्याच्या मागनं कोण? लालासाहेब! पारावर बसूनच असतो की काय कुणास ठाऊक.

मी दारातच आडवी झाले. "आबा, तुमी जावा. आज घरात काम हाय."

"आगं, मी काय परका हाय व्हय?" म्हणत तो चप्पल काढायला लागला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतनं आक्कांचा आवाज आला, "बसू द्या त्यास्नी, पद्मा."

झालं. मला वाटलं, आता परत पोहे येणार, परत नळी फोडणार, आणि श्रावण निघून जाणार.

पोहे आले नाहीत. आक्का बाहेर आल्या त्या ताट घेऊन. त्यात दुधात कुस्करलेली भाकरी. त्यांनी ते दोघा पुरुषांच्या समोर पाटावर ठेवलं, शिवांजलीला हाताला धरून बसवलं आणि तिच्या हनुवटीवरची ओढणी स्वतःच्या हातानं काढली. "खा," म्हणाल्या.

पोरगी घरच्यांशिवाय कुणासमोर कधी जेवली नव्हती. तिनं आईकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग खाली मान घालून तिनं लगद्याचा घास केला आणि गालाच्या कडेनं बोटानं आत ढकलला. दूध हनुवटीवरनं ओघळलं. तिनं मनगटानं पुसलं, परत घास घेतला. त्या माणसाचं पेन थांबलं. लालासाहेब आढ्याकडं बघायला लागला.

"मागच्या बारीला म्या खोटं बोलले," आक्का म्हणाल्या. "नळीबिळी काय फोडत न्हाई. ह्येच खाती, आन् ह्ये बी असंच खाती. आन् आबा, तिला उपास न्हाईत. एक बी न्हाई. चारचौघांत असं खाता येत न्हाई म्हणून म्या उपास सांगत हुते."

माणसानं घसा साफ केला. "आणि झोप?"

"झोप तिला काय ठावं? मला इचारा. पडली की घरघर चालू हुती, आन् मधीच बंद पडती. पार बंद. म्या तिच्या छातीवर हात ठिवून निजते. छाती हलंना झाली की तिला हलवते, कुशीवर करते, मग परत चालू हुती."

"कधीपासून?"

"बालवाडीत जात हुती तवापासनं."

"रोज?"

"रोजच की वं. दवाखान्यात मशीन लावलं ती रात सोडली, तर तिला सोडून एक रात बाहेर ऱ्हायले न्हाई. माझी आय वारली तवा मातीला गेले आन् दिस मावळायच्या आत माघारी आले. भाऊ त्येच्यापायी आजून बोलत न्हाई माझ्यासंगं."

भिंतीपलीकडं राहते मी. एवढी वर्षं. भावकीत तेव्हा केवढी बोलणी झाली होती की आईच्या तिसऱ्यालासुद्धा थांबली नाही. या बाईनं कुणाला उत्तर दिलं नव्हतं. मलाही नाही. मला इतका राग आला, इतका राग आला, आणि डोळ्यांतनं पाणी कशाला येत होतं ते कळेना.

शिवांजलीचा घास हातातच राहिला होता. "आई, मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू झोपली असतीस व्हय?" आक्का म्हणाल्या. "खा आता, दूध गार झालं."

तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "मावशी, हे मागच्या वेळी सांगायला हवं होतं."

आता मात्र मला कंठ फुटला. "मागच्या येळी तुमी इचारलं कुणापुढं? आख्ख्या तालुक्याला शेजारी बसवून इचारलं! पोरीच्या आयला इचारायची ही रीत हाय व्हय?" त्यानं खाली मान घालून वहीत लिहायला घेतलं. लालासाहेबानं चहा न मागता चप्पल घातली, हे मी पहिल्यांदा बघितलं. सांजच्याला सगळ्या गावाला खबर होती. त्या दिवसापासनं शिवांजलीला उपासाचं कुणी विचारलं नाही, एवढा तरी त्याच्या तोंडाचा उपयोग झाला.

म्हणून लगेच मंजूर झालं असेल असं वाटतं? छे! आधी कळवलं की सांध्याचं मंजूर, हनुवटीचं नामंजूर. म्हणजे दार उघडा, पण आत हवा येऊ देऊ नका. मिरजेच्या डॉक्टरांनी परत लिहिलं, भावजींनी कंपनीतल्या साहेबांना मध्ये घातलं, मी सईला इतके फोन केले की ती माझा आवाज ओळखून आधीच म्हणायची, "काकी, बघते." आषाढ सरता सरता पूर्ण मंजुरी आली. माफी नाही, काही नाही. उलट फोनवर विचारणा, आमच्या सेवेला किती तारे द्याल? दिवसाढवळ्या दाखवले असते मी त्यांना तारे.

पोरीला पंचवीस पुरी व्हायच्या आत ऑपरेशन झालं. दिवसभर चाललं. दोन दिवस आत काचेच्या खोलीत ठेवलं, तिथं कुणाला थांबू देत नव्हते, आक्का बाहेर बाकावर बसून होत्या, टक्क जाग्या. मग वॉर्डात आणलं. दुसऱ्या दिवशी मी गावाकडनं पहिल्या गाडीनं पेज घेऊन निघाले ती सकाळीच मिरजेत पोचले. वॉर्डाच्या दारातच नर्सनं गाठलं. "तुम्ही यांच्या नातेवाईक का? बघा हो जरा, पेशंटच्या आईला कधीची हाका मारतेय, हलवलं तरी उठत नाहीत. डॉक्टर राउंडला यायचेत, खालचं अंथरूण काढायला पाहिजे."

मी आत गेले. शिवांजली उताणी झोपली होती. डोक्यापासनं हनुवटीखालपर्यंत पट्टी, चेहरा सुजलेला, पण श्वासाचा आवाज नाही. छाती आपली वर येत होती, खाली जात होती. माझी चाहूल लागली तशी तिनं डोळे उघडले आणि पट्टीवर बोट ठेवून मला गप राहायला सांगितलं. खाली सतरंजीवर आक्का आडव्या झाल्या होत्या. दोन्ही हात स्वतःच्या डोक्याखाली, तोंड उघडं, आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं घोरत होत्या.

नर्स माझ्या मागनं आली. "उठवा ना त्यांना."

मी पेजेचा डबा खाली ठेवला आणि तिच्या आडवी उभी राहिले. म्हणलं, "बाई, तुमचा राउंड भवतीनं न्या. ह्या बाईला कुणी हात लावला तर गाठ माझ्याशी हाय."